तापणारें यंत्र आणि मोकळी विद्या

मुळशी तालुक्याचा नकाशा समोर धरला, तर त्याच्या दोन टोकांना दोन निराळीं युगें नांदत असलेलीं दिसतात. पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्यालगत मुळा आणि निळा या नद्यांचें पाणी अडवून केलेला विस्तीर्ण जलाशय आहे. पूर्वेस, पुणें शहराला लागून, हिंजवडी आणि माण या गांवांच्या शिवारांत संगणकाच्या कामासाठीं उठविलेल्या कांचेच्या इमारती उभ्या आहेत. पहिल्या टोकाच्या पाण्याची वीज होते. दुसऱ्या टोकाला विजेचें गणित होतें, आणि गणित होतां होतां तिची उष्णता होते. आजच्या भाषणाचा विषय ही उष्णता हाच आहे. मेजावर किंवा मांडीवर ठेवून वापरावयाचा जो लहानसा संगणक, ज्याला आपण सारे लॅपटॉप म्हणतों, तो तापतो कां, आणि ‘लिनक्स’ या मोकळ्या कार्यप्रणालीवर तो पुष्कळ वर्षें अधिकच तापत कां असे, याचा इतिहास श्रोत्यांपुढें ठेवण्याचा विचार आहे. पंख्याच्या घरघरीला कसला आला आहे इतिहास, असें कोणी म्हणेल. परंतु या घरघरीमागें एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो मुळशीला अपरिचित नाहीं : वस्तु एकाची, तिच्यावरची सत्ता दुसऱ्याची, आणि आंच सोसावयाची ती तिसऱ्यानें, असें कां व्हावें ?

मुळशीचें धरण टाटांच्या वीज कंपनीनें बांधलें. सह्याद्रीच्या माथ्यावरचें पाणी, जें स्वभावतः पूर्वेकडे वाहून भीमेला मिळावयाचें, तें बोगद्यानें पश्चिमेकडे वळवून कोंकणांत भिरा येथें खालीं सोडावयाचें, आणि त्या पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्यांना व आगगाड्यांना वीज पुरवावयाची, अशी ती योजना होती. धरणाखालीं पन्नासाच्या आसपास गांवें बुडावयाचीं होतीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापति’ हें नांव याच लढ्यानें दिलें. विनायकराव भुस्कुटे, शिवरामपंत परांजपे हेहि त्यांत होते. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा तेव्हांची. पुण्यांतल्या कांहीं सावकारांना मात्र जमिनीपेक्षां मोबदल्याची रक्कम अधिक जवळची वाटली, हेंहि इतिहासांत नमूद आहे, आणि तें आपण पुणेकरांनीं विसरूं नये. लढा १९२४ पर्यंत चालून मोडला. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह सुरू झालें.

आतां या विजेचें पुढें काय होतें, तें पाहूं. मँचेस्टरजवळच्या एका मद्य गाळणाऱ्याचा मुलगा जेम्स जूल यानें १८४१ मध्यें प्रयोगानें दाखविलें, कीं तारेंतून वीज वाहिली म्हणजे तार तापते, आणि प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. गिरणींत विजेचा कांहीं अंश तरी कापड विणण्याच्या कामीं येतो. संगणकाची गोष्ट निराळी. त्याच्या पोटांत गेलेली वीज, पडद्याचा थोडा उजेड सोडला तर, अखेर सारी उष्णतेंतच जाते. आपण पत्र लिहा, हिशेब करा, कीं चित्रपट पाहा. यंत्राच्या दृष्टीनें आपण एक लहानशी शेगडी पेटविलेली असते. १९६१ मध्यें रॉल्फ लांडाउअर या शास्त्रज्ञानें तर असें प्रतिपादन केलें, कीं यंत्राच्या स्मृतींतील एक खूण पुसून टाकण्यालाहि निसर्ग उष्णतेचा कांहीं कमींतकमी कर घेतोच. त्या करापेक्षां आजचीं यंत्रें पुष्कळच अधिक उधळीं आहेत, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या पिढीच्या यंत्रांचें तापणें उघडउघड होतें. १९४६ मध्यें फिलाडेल्फिया येथें लोकांपुढें आलेल्या ‘एनिॲक’ यंत्रांत सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या, आणि त्याला सुमारे १५० किलोवॉट वीज लागे. आपल्याकडे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्राध्यापक नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं जें गणकयंत्र बांधलें गेलें, आणि ज्याला १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें, त्यांतहि सुमारे २,७०० नळ्या होत्या. प्रत्येक नळी म्हणजे एक लहानसा तापता दिवा. मुंबईच्या विजेंत मुळशीच्या पाण्याचा वाटा होताच. तेव्हां त्या नळ्यांच्या धगींत मावळच्या पावसाचा एखादा अंश असला तर नवल नव्हे.

नळ्या गेल्या, अर्धवाहकाचे सूक्ष्म खटके आले, आणि उष्णतेचा प्रश्न सुटला असें लोकांना वाटूं लागलें. १९७४ मध्यें आय. बी. एम. कंपनीच्या रॉबर्ट डेनार्ड यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह एक नियम मांडला : खटके लहान करीत जा, त्याच प्रमाणांत विजेचा दाब कमी करीत जा, म्हणजे तेवढ्याच जागेंत अधिक खटके बसूनहि जागेमागची उष्णता वाढणार नाहीं. या नियमावर तीस वर्षें सारा धंदा चालला. परंतु चिपेंत निर्माण होणारी उष्णता दाबाच्या वर्गाशीं आणि ठोक्यांच्या वेगाशीं बांधलेली असते. दाब एका मर्यादेखालीं उतरेना, खटके बंद असतांनाहि त्यांतून वीज झिरपूं लागली, आणि २००५ च्या सुमारास नियम थकला. त्याच्या आदल्या वर्षींच, मे २००४ मध्यें, इंटेल कंपनीनें आपल्या अतिवेगवान् चिपेची ‘तेजस’ नांवाची एक मोठी योजना उष्णतेपायीं सोडून दिली होती. नांव तेजस आणि मरण तेजानेंच. नियतीचा विनोद म्हणावयाचा! तेव्हांपासून ठोक्यांची धांव दर सेकंदास तीन-चार अब्जांच्या आसपास रेंगाळली आणि एका चिपेंत अनेक मेंदू बसविण्याची वाट धरली गेली.

मांडीवरच्या यंत्राला ही अडचण सर्वांत अधिक. त्यांतली चिप पंधरा ते पंचेचाळीस वॉट वीज घेते. जुन्या साठ वॉटच्या दिव्याला ज्यांनीं चुकून बोट लावलें आहे त्यांना हा आंकडा हलका वाटेल. पण दिव्याच्या मोठ्या गोळ्यावर जी उष्णता पसरते, तिचा पाव हिस्सासुद्धां येथें नखाएवढ्या जागेंत कोंडला जातो. ती बाहेर काढण्यासाठीं तांब्याची एक चपटी नळी असते. तिच्या पोटांत अगदीं थोडें पाणी असतें. चिपेजवळच्या टोकाला त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांच्या जाळींत ती वाफ पुन्हां पाणी होते, आणि नळीच्या आंतल्या वातीसारख्या अस्तरांतून तें पाणी परत फिरतें. भाताच्या पातेल्यावरच्या झांकणाला आंतून थेंब लागतात आणि पुन्हां भातांत पडतात, तसलाच हा प्रकार. जाळीवर वारा घालण्यास एक पंखा. इतकीच ती व्यवस्था.

परंतु पंखा केव्हां फिरवावा, किती फिरवावा, चिपेचा वेग केव्हां उतरवावा, हें ठरवावयाचें कोणीं ? खरा इतिहास येथून सुरू होतो. १९९२ मध्यें इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनीं एक पहिली पद्धति घालून दिली, तींत बहुतेक सत्ता यंत्राच्या आंत कोरलेल्या आज्ञावलीकडे होती. डिसेंबर १९९६ मध्यें या दोघांनीं तोशिबाला बरोबर घेऊन नवी संहिता प्रसिद्ध केली. तिचें आद्याक्षरी नांव ए. सी. पी. आय. हिच्यांत सत्ता कार्यप्रणालीकडे आली. यंत्र बनविणारानें यंत्रांत एक कोष्टक लिहून ठेवावयाचें : पंखा अमुक ठिकाणीं आहे, तापमान अमुक रीतीनें वाचावें, इतक्या अंशांवर वेग कमी करावा, इतक्या अंशांवर यंत्र बंदच करावें. कार्यप्रणालीनें तें कोष्टक वाचून वागावयाचें. कल्पना उत्तम होती, आणि संहिता कोणालाहि वाचावयास खुली होती.

याच काळांत दुसरीकडे एक निराळा संसार उभा राहत होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं फिनलंडमधल्या लिनुस टोरव्हाल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याची वर्दी जगाला दिली. तिची मूळ आज्ञावलि कोणीहि वाचावी, सुधारावी आणि सुधारलेली पुन्हां वांटावी, असा तिचा करार ठरला. त्या कराराचा पाया अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ पासून चालविलेल्या चळवळीनें घातला होता. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या गांवोगांव उतरून घेतल्या जात, तशी ही विद्या हातोहात पसरली. पोथी उतरतांना चूक झाली तर ती पुढच्या प्रतींत जाई. येथें चूक सांपडली तर ती दुरुस्त होऊन सर्वांच्या प्रतींत जाते, एवढा फरक.

अडचण अशी, कीं यंत्र बनविणारे आपलें कोष्टक लिहीत आणि तें विंडोजवर चालवून पाहत. तेथें पंखा फिरला, कीं काम झालें. कोष्टकांत संहितेविरुद्ध चुका राहिल्या तरी विंडोज त्या पोटांत घालीत असे. मायक्रोसॉफ्टचें भाषांतरयंत्रहि चुकीच्या वाक्यांना सहज पास करी. लिनक्स बिचारें संहितेप्रमाणें वागे, आणि म्हणूनच अडखळे. प्रामाणिक वाचकाला अशुद्ध पोथी मिळावी, तसें झालें. परिणाम असा, कीं तेंच यंत्र एका प्रणालीवर कोमट आणि दुसरीवर चटका देणारें. त्यावर उत्साही लोकांनीं आपापल्या यंत्रांतलें कोष्टक बाहेर काढलें, तें मनुष्याला वाचतां येईल अशा रूपांत आणलें, चुका दुरुस्त केल्या आणि पुन्हां आंत बसविलें. कोणी पैसे दिले नव्हते, कोणी आज्ञा केली नव्हती.

याहून गमतीचा प्रकार पुढें आहे. कोष्टकाला कार्यप्रणालीस विचारतां येतें, कीं तूं विंडोजची अमुक आवृत्ति आहेस काय ? ‘नाहीं’ असें उत्तर आलें तर कित्येक यंत्रें आपलीं धड चाललेलीं दालनें बंद ठेवीत. तेव्हां लिनक्सनें ‘होय, मी तीच आहें’ असें सांगावयास आरंभ केला. इतकेंच नव्हे, तर २००७ च्या सुमारास ‘तूं लिनक्स आहेस काय’ या प्रश्नाला मात्र ‘नाहीं’ म्हणण्याची प्रथा पाडली. कारण लिनक्ससाठीं म्हणून लिहिलेलीं दालनें कोणी तपासून पाहिलेलींच नसत, आणि त्यांत शिरणें अधिक घातक ठरे. खुल्या विद्येच्या पुरस्कर्त्यांनीं दुसऱ्याचें नांव सांगून दरवाजा उघडावा, यांत कोणाला कमीपणा वाटेल. मला त्यांत चातुर्य दिसतें. घरांतलीं माणसें भाजत असतां नांवाचा अभिमान काय कामाचा ?

२००७ हें वर्ष या इतिहासांत महत्त्वाचें आहे. तोंवर लिनक्सचा गाभा, काम असो वा नसो, सेकंदाला शेंकडों वेळां जागा होऊन घड्याळ पाहत असे. झोपेंतल्या मुलाला दर घटकेस उठवून ‘झोपलास काय’ विचारावें तसें. त्या वर्षीं एप्रिलांत आलेल्या २.६.२१ या आवृत्तींत ही संवय मोडण्यास आरंभ झाला. लगेच मे महिन्यांत इंटेलच्या मंडळींनीं ‘पॉवरटॉप’ नांवाचें एक साधन मोकळें केलें. कोणता कार्यक्रम चिपेला किती वेळां उगीच जागें करतो, याची यादी तें नांवानिशीं पुढें ठेवी. यादी लागतांच लिहिणाऱ्यांना लाज वाटली, आणि आज्ञावल्या भराभर सुधारल्या. दंडापेक्षां फळ्यावर नांव लिहिण्याचा धाक मोठा, हें शाळामास्तरांना ठाऊकच आहे.

पुढें एक कसोटीचा प्रसंग आला. मार्च २०११ मध्यें २.६.३८ ही आवृत्ति निघाली, आणि पुष्कळांचे लॅपटॉप पूर्वीपेक्षां तापूं लागले, विद्युत्घट लवकर संपूं लागले. मायकेल लाराबेल या अमेरिकन पत्रकारानें विजेचें माप घेणारें यंत्र लावून आवृत्तीमागून आवृत्ति तपासली, आणि दोष कोणत्या बदलांत आहे तें हुडकून काढलें. बदल तसा न्यायाचाच होता. यंत्राच्या आंतल्या जोडमार्गांना काम नसतांना झोपविण्याची एक सोय असते. कित्येक यंत्रांचें कोष्टक म्हणे, ही सोय येथें नाहीं. आणि तीच यंत्रें प्रत्यक्षांत ती सोय चालू करून ठेवीत. लिनक्सनें कोष्टकावर विश्वास ठेवून ती बंद केली, म्हणून जोडमार्ग अखंड जागे राहिले. मॅथ्यू गॅरेट यांनीं विंडोज अशा वेळीं काय करतें याचा माग काढला. तें कांहींच करीत नव्हतें. यंत्रानें जसें ठेवलें असेल तसें राहूं देत होतें. तोच उपाय लिनक्सनें स्वीकारला, आणि मार्च २०१२ च्या ३.३ या आवृत्तींत तो सर्वांना मिळाला. वर्षभर लोक तापले खरे. परंतु दोष कोठें, कोणत्या ओळींत, कोणाच्या बदलानें शिरला, आणि कसा निघाला, हें आज कोणत्याहि विद्यार्थ्याला मुळापासून वाचतां येतें. बंद पेटींतल्या आज्ञावलींत असा दोष शिरला असता, तर आपल्याला पंख्याच्या आवाजापलीकडे कांहींच कळलें नसतें.

चित्रांसाठींच्या दुसऱ्या चिपेची कथा यापेक्षां लांबली. २०१० पासून पुष्कळ लॅपटॉपांत दोन चित्रचिपा येऊं लागल्या : एक काटकसरी, एक बलवान्. काम नसतां बलवान् चिपेनें झोपावयाचें. परंतु तिची माहिती तिच्या निर्मात्यांनीं उघड केलेली नसल्यामुळें लिनक्सवर ती जागीच राही आणि कोरें पान लिहितांनाहि यंत्र धगधगे. स्वयंसेवकांनीं चिपेच्या वागण्यावरून तिचे नियम ताडून आज्ञावल्या लिहिल्या. त्या उपयोगी पडल्या, पण अपुऱ्या राहिल्या. एन्व्हिडिया कंपनीनें आपल्या आज्ञावलीचा गाभ्यांतला भाग मोकळा केला तो मे २०२२ मध्यें. बारा वर्षें लागलीं. मुळशीच्या शेतकऱ्याचें दुःख आणि लॅपटॉपधारकाची गैरसोय एका तागडींत घालणें हा शुद्ध अविचार होईल. तिकडे पिढ्यान्‌पिढ्यांची भूमि गेली, इकडे बोटें भाजलीं. तरी पण वस्तूविषयींचे निर्णय ती वापरणारास न विचारतां दूर कोठें तरी व्हावेत, ही तक्रार दोन्हीकडे ओळखीची आहे.

पुण्याला या विद्येंत स्वतःचेंहि स्थान आहे. १९८८ मध्यें येथें प्रगत संगणन विकास केंद्र स्थापन झालें, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. २००७ च्या नोव्हेंबरांत पुण्याच्याच ‘एक’ या महासंगणकानें जगांत चौथें आणि आशियांत पहिलें स्थान मिळविलें. तो बांधणारी कंपनी टाटांचीच, आणि तो चालत असे लिनक्सवर. २०१७ च्या नोव्हेंबरापासून तर जगांतल्या पहिल्या पांचशें महासंगणकांच्या यादींत लिनक्सवांचून दुसरी कार्यप्रणालीच उरलेली नाहीं. अशा यंत्रांना पंख्याचा वारा पुरत नाहीं. २०१९ मध्यें पुण्याच्या आयसर संस्थेंत बसलेल्या ‘परम ब्रह्म’ या यंत्रांत द्रवरूप शीतक थेट चिपांवरच्या पत्र्यांपर्यंत नळ्यांनीं नेलेला आहे. ज्या प्रणालीवर लॅपटॉप तापतो म्हणून लोक कुरकुरत, तीच जगांतल्या सर्वांत तापट यंत्रांना संभाळते. दोष प्रणालीच्या बुद्धीचा नव्हता, तिच्यापासून लपविलेल्या माहितीचा होता, याला याहून सबळ पुरावा काय द्यावा ?

आतां घरच्या यंत्राविषयीं थोडें. पुण्याचा एप्रिल-मेचा उन्हाळा चाळीस अंशांच्या घरांत जातो. पंखा खोलींतल्याच हवेनें जाळी थंड करणार. हवा दहा अंशांनीं तापली, कीं चिपहि जवळ जवळ तितकीच वर चढते. त्यांत लॅपटॉप गादीवर किंवा रजईवर ठेवला म्हणजे खालचीं भोकें बुजतात. दोन-तीन वर्षांत पंख्यामागच्या जाळीला धुळीचा चक्क नमदा जमतो, आणि चिप व तांबें यांमध्यें लावलेला लेप वाळून त्याला भेगा पडतात. हिंजवडी-माणच्या बांधकामांची धूळ ज्यांच्या खिडक्यांतून आंत येते त्यांना हें अधिक सांगावयास नको. पुष्कळ हुशार मंडळी पडद्यावर आज्ञा देत बसतात आणि पंखा उघडून पाहत नाहींत. क्रम उलटा असावा : अगोदर ब्रश, मग आज्ञा.

लिनक्सचा खरा उपकार असा, कीं तें कांहीं लपवीत नाहीं. यंत्राचें तापमान तेथें एका साध्या धारिकेंत लिहिलेलें असतें आणि ती कोणीहि उघडून वाचावी. अंक हजारपट असतो. ‘४७०००’ दिसलें तर सत्तेचाळीस अंश समजावे. पहिल्यांदा वाचणाराची छाती दडपते, एवढेंच. कोणता कार्यक्रम चिपेला राबवितो आहे, हें यादींत दिसतें. बहुधा अपराधी निघतो तो जालावरील पानें दाखविणारा कार्यक्रम, ज्यांत चाळीस पानें एकदम उघडीं असतात. चिपेच्या वेगावर देखरेख करणारे कारभारी निवडतां येतात : कोणी उधळा, कोणी कंजूष, कोणी कामाप्रमाणें हात सैल सोडणारा. इंटेलच्या चिपांसाठीं त्याच कंपनीनें मोकळा केलेला ‘थर्मलडी’ नांवाचा पहारेकरी तापमान वाढूं लागतांच वेग आधींच उतरवूं लागतो. एवढें करूनहि धोक्याची रेषा ओलांडली गेली, तर गाभा स्वतःहून यंत्र बंद करतो. हातांतलें काम जातें, पण यंत्र वांचतें. ताम्हिणीच्या बाजूस पावसाळ्यांत काम करणारांना ही चिंता थोडी. तेथें शत्रु ऊन नव्हे, दमट हवा.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोजच्या दहाव्या आवृत्तीला मिळणारा सर्वसाधारण आधार थांबला, आणि अकरावी आवृत्ति न पेलणारे, पण हाडापेरानें धडधाकट असे असंख्य जुने लॅपटॉप एकाएकीं निराधार झाले. त्यांतल्या पुष्कळांना आतां लिनक्सचाच आसरा आहे, आणि आपल्या सी-डॅक केंद्रानें तयार केलेल्या ‘बॉस’ या मराठीहि जाणणाऱ्या प्रणालीचा पर्याय त्यांत आहेच. हीं यंत्रें आठ-दहा वर्षांचीं. त्यांची कोष्टकें जुनीं, पण त्यांतल्या खोड्या एव्हांना लिनक्सच्या गाभ्याला माहीत झालेल्या आहेत. वाळलेला असतो तो लेप, आणि साचलेली असते ती धूळ. असें यंत्र घरीं आणलें, तर पहिल्या दिवशीं तापमानाची ती धारिका एकदां वाचून आंकडा वहींत टिपून ठेवावा. मग पाठीवरचे स्क्रू काढून पंखा साफ करावा, लेप बदलावा, आणि पुन्हां वाचावें.